बाराच्या आत

आई पलंगावर नव्हती. पलंगाशेजारच्या खुर्चीत बसली होती, आणि पलंग असा लावलेला होता की त्यावर कुणी रात्र काढली असेल हे खरं वाटू नये. चादरीचे कोपरे काटकोनात दुमडलेले, ब्लँकेट पायथ्याशी, उशीवर एक सुरकुती नाही. सारी नोकरी वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर म्हणून काढलेल्या बाईनं स्वतः पेशंट झाल्यावरही आपला बेड दुसऱ्या कुणाला लावू दिला नव्हता. हाताच्या पाठीवर सुई काढल्याची पट्टी होती आणि मांडीवर भरलेली पिशवी.

"साहेब आले," ती शेजारच्या दोन पलंगांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. "उठून उभी राहू का?"

"बस गं, आधीच दम लागतो तुला," मुलगी म्हणाली, आणि रिकाम्या पलंगाच्या कडेवर टेकली. टेकल्याबरोबर आईनं चादरीकडे पाहिलं. मुलगी उठून उभी राहिली.

ही मुलगी त्याच रुग्णालयाची उपव्यवस्थापक होती. कागदोपत्री तिचं नाव मोठं होतं, पण लहानपणी पायाला भिंगरी म्हणून आईनं तिला मुंगी म्हणायला सुरुवात केली, आणि केस पांढरे व्हायला लागले तरी ते सुटलं नाही. आई आजारी पडल्यापासून मुंगी दोन बैठकांच्या मधल्या फटीतून वर वॉर्डात यायची, कधी उभ्याउभ्याच, कधी बिस्किटाचा अर्धा पुडा संपेपर्यंत. आई धाकट्या मुलाकडे गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची, तिथे मुंगीचं जाणं सणावारी पाहुण्यासारखं. "दाखल झाल्याशिवाय तुझं दर्शन नाही," आई म्हणायची. "आधी कळलं असतं तर कधीच आजारी पडले असते."

त्या दिवशी मात्र मुंगीचं अर्धं लक्ष जिन्याकडे होतं. मुख्य व्यवस्थापक निवृत्त होत होते. जागा एक, आणि दावेदार दोन: ती, आणि बाहेरून येणारे एक गृहस्थ, ज्यांच्या नावामागे पदव्यांची आगगाडी होती. निवड समिती सकाळीच येणार होती, आधी रुग्णालय फिरून बघणार होती, मग मुलाखती. मुंगीकडे पदव्यांची आगगाडी नव्हती. तिच्याकडे फलाट होता.

फलाटाची गोष्ट अशी. घरी सोडायचं ठरलेला पेशंट कागदांची, औषधांची, गाडीची वाट पाहत अख्खी दुपार बेडवर बसून राहायचा, आणि तेवढा वेळ खाली कॅज्युअल्टीत नवे पेशंट स्ट्रेचरवर ताटकळत पडायचे. मुंगीनं तळमजल्यावरचं जुनं भांडार मोकळं करून घेतलं, तिथे ओळीनं खुर्च्या लावल्या, एक नर्स बसवली आणि नियम केला की घरी जाणारा पेशंट दुपारी बाराच्या आत बेड सोडून इथे येऊन बसेल. दारावर 'प्रस्थान कक्ष' अशी देखणी पाटी लावली. ती वाचायची तसदी कुणी घेतली नाही. वॉर्डबॉयनी पहिल्याच आठवड्यात त्याचा फलाट केला आणि तेच नाव चिकटलं. डॉक्टर लोक आधी कुरकुरले, मग त्यांना बेड मिळायला लागले आणि कुरकुर थांबली. आईचं मत वेगळं होतं. "मी बेड भरायचे, तू रिकामे करतेस," ती म्हणायची, "आणि पगार तुझा जास्त."

आईला मेट्रन व्हायला एकदा नाही, अनेकदा विचारलं होतं. ती नाही म्हणाली. मेट्रनच्या खोलीतून पेशंट दिसत नाही, त्याची फाइल दिसते, हे तिचं ठरलेलं उत्तर. मुंगीला ते उत्तर आवडत नसे. तिला वाटायचं, आईला पुढे जायची हिंमत झाली नाही. आईला वाटायचं, मुंगीला थांबायची होत नाही. दोघींनी हे एकमेकींना तोंडावर कधी म्हटलं नाही, पण दोघींना ते पक्कं ठाऊक होतं. आणि तरी मुंगी नोकरी सांभाळून व्यवस्थापनाचा अभ्यास करत होती तेव्हा आईच आपल्या ड्युट्या बदलून घेऊन तिचं घर बघायची. पहिल्या मोठ्या मुलाखतीच्या सकाळी आईनं स्वतःच्या हातातलं घड्याळ काढून तिच्या मनगटावर बांधलं होतं. नाडी मोजायचं घड्याळ ते, सेकंदकाटा लाल आणि ठसठशीत. "समोरच्याचं बोलून झालं की लगेच तोंड उघडू नकोस," तिनं सांगितलं होतं. "काट्याचा एक फेरा होऊ दे. खरं काय ते माणूस पहिल्या वाक्यात सांगत नाही. पेशंट असो, साहेब असो." घड्याळ मुंगीच्याच मनगटावर राहिलं आणि ते सांगणं तिनं आयुष्यभर पाळलं. बैठकांमध्ये तिच्या त्या थांबण्याचा दबदबा होता. लोक तो फेरा पुरा व्हायच्या आत घाबरून खरं बोलून टाकायचे.

त्या सकाळी आई म्हणाली, "डॉक्टर येऊन गेले. म्हणतात, आज गेलात तरी चालेल, उद्या गेलात तरी चालेल."

एवढं बोलून तिनं चष्मा काढला आणि पदराला नाही, पिशवीच्या कडेला पुसायला लागली.

मुंगीच्या खिशात फोन थरथरत होता. खाली कॅज्युअल्टीत स्ट्रेचरची रांग लागली होती, समितीची गाडी फाटकात शिरली होती. ती लगेच म्हणाली, "मग आजच जा ना. घरी आराम पडेल तुला. खाली माणसं थांबलीयत."

आईनं चष्मा डोळ्यांवर चढवला. "हो तर," ती म्हणाली. "बेड अडवायला मी काय पाहुणी आहे?" आणि व्हीलचेअर येईपर्यंत ती उभीसुद्धा राहिली होती.

समिती फलाटावर आली तेव्हा आई तिसऱ्या खुर्चीत बसली होती. अध्यक्षांनी नेमकं तिलाच विचारलं, व्यवस्था कशी वाटते. आईनं मुंगीकडे पाहिलंसुद्धा नाही. व्यवस्था उत्तम आहे म्हणाली, पाणी आहे, पंखा आहे, बाई प्रेमानं विचारतात. "खुर्च्या तेवढ्या टणक आहेत. पण तोही हिशेब असेल, नाहीतर माणूस इथून उठायचा नाही." अध्यक्ष मोठ्यानं हसले. मुलाखतीत त्यांनी त्या फटकळ बाईंचा विषय काढला, तेव्हा मुंगी घड्याळाकडे बघत थोडी थांबली आणि म्हणाली, "त्या माझ्या आई." मग सगळेच हसले. जागा तिथेच तिची झाली होती.

ती सांगायला धावत खाली आली, तर तिसरी खुर्ची रिकामी होती. धाकटा येऊन आईला घेऊन गेला होता. तिनं फोन लावला. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "झालं ना मनासारखं? मग आता काहीतरी खा. सकाळपासून उपाशी असशील." मुंगी म्हणाली, रविवारी येते, निवांत बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामाला निघाली असताना जिन्यातच धाकट्याचा फोन आला. "ताई, आई उठत नाहीये," तो म्हणाला. रुग्णालयात वाढलेल्या घरात या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

पुढचे दिवस जसे जातात तसे गेले. आईला तपासणारे डॉक्टर स्वतः घरी आले. म्हणाले, हृदय थकलेलंच होतं, हे कुठेही झालं असतं, कधीही झालं असतं. "तिथे वॉर्डात असत्या तरी..." असं म्हणून त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. मुंगीला त्या वाक्याचे दोन्ही शेवट माहीत होते. त्यातला खरा कोणता ते डॉक्टरांना ठाऊक नव्हतं, तिलाही नव्हतं, आणि ते आता कुणालाच कळणार नव्हतं. धाकटा तिला काही लावून बोलला असता तर बरं झालं असतं. तो बोलला नाही. एकदा फक्त आईचे कपडे आवरताना म्हणाला, "रात्री जेवताना खूश होती. म्हणाली, मुंगीचं काम फत्ते झालं."

ती कामावर परतली ती मुख्य व्यवस्थापक म्हणून. नवी खोली, नवं टेबल, दारावर नवी पाटी. भेटायला येणाऱ्यांची पंचाईत व्हायची, आधी अभिनंदन करावं की आधी सांत्वन. अध्यक्ष फुलांचा गुच्छ घेऊन आले आणि दारातून तिचा चेहरा बघून तो उलटा धरून उभे राहिले. अखेर तिनंच तो त्यांच्या हातातून काढून घेतला. एका विभागप्रमुखानं तर एकाच श्वासात "फार वाईट झालं, फार आनंद झाला" असं म्हटलं आणि नंतर आठवडाभर तिला चुकवत राहिला. तिला त्याचा राग आला नाही. इतकं खरं कुणीच बोललं नव्हतं.

टेबल मोठं होतं. त्याच्यापलीकडून पेशंट दिसत नव्हते.

आईच्या वॉर्डाच्या इन्चार्ज आता धाकट्या सिस्टर होत्या. आईच्या हाताखाली शिकल्या म्हणून धाकट्या, नाहीतर त्यांच्याही निवृत्तीला फार अवकाश उरला नव्हता. एका दुपारी त्या रजेच्या अर्जावर सही घ्यायला आल्या. सही झाली तरी उठेनात. मुंगीनंच विषय काढला. त्या सकाळी आई कशी होती, काही म्हणाली होती का, असं विचारलं.

धाकट्या सिस्टरनी आधी सांगितलं की चांगल्या होत्या, बेड लावण्यावरून नव्या मुलीला झापत होत्या. मुंगीनं मनगटाकडे पाहिलं. लाल काटा फिरत राहिला.

"रात्री झोप नव्हती नीट," सिस्टर मग म्हणाल्या. "दुखत-खुपत काही नव्हतं हो. मी म्हटलं, मोठ्या सिस्टर, राहा ना अजून एक दिवस, डॉक्टरांची ना नाहीये. तर म्हणाल्या, मुंगी म्हणाली तर राहते." त्यांनी अर्जाची घडी घातली. "हसून म्हणाल्या. म्हणाल्या, इथे निदान बिस्किटं खायला तरी येते."

"मला का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, तुला विचारतील त्या." खोलीत दुसरं कुणी नव्हतं, म्हणून सिस्टर तिला अगं-तुगं करत होत्या. "त्यांचा स्वभाव माहीत नाही का तुला? ताकाला जाऊन भांडं लपवायचं. आयुष्यात कधी काही मागितलं का त्यांनी?"

विचारलं होतं, असं मुंगी म्हणाली नाही. आज गेलात तरी चालेल, उद्या गेलात तरी चालेल. विचारलं होतं आईनं, आणि चष्मा पुसत थांबलीही होती.

दुसऱ्या सकाळी रोजची बेडची बैठक होती. कुठल्या वॉर्डात किती बेड मोकळे होतील, खाली किती माणसं वाट बघतायत, एवढाच विषय. धाकट्या सिस्टरनी आपल्या वॉर्डाचं सांगता सांगता एका आजींचं नाव घेतलं. बऱ्या आहेत, डॉक्टर म्हणतात आज सोडा किंवा उद्या सोडा. सगळ्यांनी सवयीनं मुंगीकडे पाहिलं.

"उद्या," ती म्हणाली.

खोलीत कुणीतरी पेन खाली ठेवलं. कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांनी घसा साफ केला. माणूस चांगला होता आणि रात्रभर जागा होता. त्यांनी अगदी नरमाईनं विचारलं, खाली एक गृहस्थ पहाटेपासून स्ट्रेचरवर आहेत, ऑक्सिजन लावलाय, त्यांच्या बायकोला मी काय सांगू?

काट्याचा फेरा पुरा झाला. तिला एखादं तिसरं उत्तर हवं होतं. ते नव्हतं. त्या खुर्चीत तिला बसवलं होतं ते याच कामासाठी, आणि ते काम तिला येत होतं.

"आज सोडा," ती म्हणाली. "त्या गृहस्थांना तो बेड द्या."

उत्तर बरोबर होतं. त्या दिवशीही बरोबर होतं. याचंच तिला काही करता येत नव्हतं. चूक असती तर सुधारली असती, माफी मागितली असती, नियम बदलला असता. व्यवस्थापकाचं उत्तर चोख होतं, आणि आईनं प्रश्न व्यवस्थापकाला विचारलाच नव्हता.

बारा वाजून गेल्यावर ती फलाटावर गेली. ड्युटीवरची नर्स गडबडीनं उठली, तिला तिनं हातानंच बसवलं. पहिल्या खुर्चीत त्या आजी होत्या, पायाशी पिशवी, डोळे काचेच्या दाराकडे. तिसरी खुर्ची रिकामी होती. मुंगी दुसऱ्या खुर्चीत, मधे, बसली. खुर्ची खरंच टणक होती. या खोलीचा कागदावरचा आराखडा तिनं केला होता, खुर्च्या तिनं निवडल्या होत्या, आणि त्यातल्या एकीतही ती आजवर बसली नव्हती.

आजींनी तिच्याकडे वळून विचारलं, "तुम्हालाही न्यायला येणारेत का कुणी?"

"नाही," ती म्हणाली. "मी सोडायला आलेय."

आजींनी समजल्यासारखी मान हलवली. बाहेर एक गाडी येऊन थांबली, त्यांचा मुलगा आत आला, त्यानं एका हातानं पिशवी उचलली आणि दुसऱ्या हातानं आईला. नर्स त्यांच्याबरोबर दारापर्यंत गेली. खोलीत पंख्याचा आवाज राहिला.

मुंगीनं डाव्या हातानं शेजारच्या तिसऱ्या खुर्चीची पाठ धरली. मनगटावर लाल काटा वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. तो जिथून निघाला होता तिथे येईपर्यंत तिनं वाट पाहिली. मग आवाज न चोरता, समोर माणूस बसलं असताना बोलावं तशी ती बोलली.

"आई, आज नको जाऊस. राहा. मी येऊन बसते तुझ्याजवळ."