वेल्डरच्या नावावर

“हे दोन चढवायचे का राहू द्यायचे?” हमालांच्या मुकादमाने सिलिंडरवर हात थोपटत विचारलं. मी यादीतून डोकं वर न काढता म्हणालो, “राहू दे. वेल्डिंग कुठे पळून जातंय?”

एकतीस वर्षांच्या नोकरीत मी किती वेळा ‘राहू दे’ म्हटलं असेल त्याची मोजदाद नाही. त्यातलं हे एकच आता आठवतं, बाकीची गेली कुठल्या कुठे.

मी बंदरावरच्या गोदामातला कारकून. बेटाला जाणारा सगळा माल माझ्या नजरेखालून जायचा. बेट म्हणजे बारा तासांच्या अंतरावर समुद्रात पडलेला एक खडक. त्यावर दोनशे माणसं, एक दवाखाना, एक शाळा आणि एक पोस्ट. पिठापासून पाटीवरच्या पेन्सिलीपर्यंत सगळं इथूनच जायचं. मी स्वतः तिथे कधी गेलो नाही. मला बोट लागते. धक्क्याला बांधलेल्या बोटीत नुसता उभा राहिलो तरी पोटात ढवळायला लागतं. बंदरात नोकरी करणाऱ्याने हे कबूल करावं म्हणजे थट्टेला आमंत्रणच, आणि मंडळींनी ते मनापासून स्वीकारलं होतं.

पण बेटावरचं घर न् घर मला ठाऊक होतं. दर सोमवारी सकाळी दहाला तिथल्या पोस्टातून फोन यायचा. पोस्ट सांभाळणाऱ्या बाई सगळ्या घरांची मागणी गोळा करून ठेवायच्या आणि मला वाचून दाखवायच्या. “गोदामभाऊ, घ्या लिहून,” अशी सुरुवात. मग पीठ, साखर, रॉकेल, सुतळी, औषधं. वर्षानुवर्षं त्या याद्या लिहून लिहून मला त्यांतून माणसं दिसायला लागली. दुधाची पावडर सुरू झाली की कुणाकडे पाळणा हलला ते समजायचं. एखाद्या घरातून दाढीची पाती येईनाशी झाली की म्हातारबाबा गेले, वेगळं विचारावं लागायचं नाही. सुताराकडे साखर दुप्पट झाली म्हणजे लेक माहेरी आली आहे.

बाईंना याची मोठी गंमत वाटायची. कधीकधी मुद्दाम काही न सांगता नुसती यादी वाचायच्या आणि मी बरोबर ओळखलं की हसायच्या. म्हणायच्या, तुमच्यापासून काही लपून राहत नाही. मी अंगावर मूठभर मांस चढल्यासारखा घरी यायचो. बायको म्हणायची, “झालं का बोलणं तुमच्या सोमवारवालीशी? सवत असावी तर अशी, बारा तास लांब.” त्या दोघीही एकमेकींशी फोनवर चांगल्या तासभर बोलायच्या, ते सोडा.

मग साथ आली. दर गुरुवारी सुटणारी बोट पाच आठवड्यांतून एकदा सुटू लागली. दोन बोटींपैकी एक बंदच झाली. दुसरी चालवणाऱ्या तांडेलाला आणि खलाशांना प्रत्येक खेपेआधी चौदा दिवस एका खोलीत डांबून ठेवायचे. उतारू बंद. बेटाच्या धक्क्यावर पाय ठेवायचा नाही, माल दोराने उतरवायचा आणि बोट मागे घ्यायची, मग बेटावरच्यांनी पुढे यायचं. आणि सगळ्यांत वर एक नियम होता: जिथे साथीचा एकही रुग्ण असेल तिथे बोट जाणार नाही.

बेटाला लागायचा बारा टन माल, बोटीत मावायचा आठ टन. चार टन काय मागे ठेवायचं? बंदराच्या ऑफिसने हात वर केले. साहेब म्हणाले, तुम्हाला बेट माहीत आहे, तुम्हीच ठरवा. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं होतं. पिठाच्या पोत्याआड बसून दोनशे माणसांच्या गरजा लावताना मी स्वतःला कुणीतरी समजायला लागलो होतो.

अशा पहिल्याच खेपेच्या आधीच्या सोमवारी फोनवर बाई नव्हत्या. वेल्डर होता. बेटावरच्या बोटींचे फुटके तळ आणि गंजके कडी-कोयंडे जोडणारा हा माणूस, शब्द विकत घ्यावे लागत असल्यासारखा बोलायचा. बाईंचा घसा बसलाय म्हणाला आणि सरळ वाचायला लागला. सदतीस वस्तू एका सुरात. एकोणिसावी होती, “ऑक्सिजनचे सिलिंडर दोन. माझ्या नावावर.” मी लिहिली. दर दोन-तीन महिन्यांनी ऑक्सिजनचे दोन त्याच्याकडे जायचेच. वाचून झाल्यावर त्याने फोन ठेवला नाही. म्हणाला, “लिहिलंत ना सगळं?” मी म्हटलं, लिहिलं. बाईंना मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांग.

गुरुवारी पहाटे माल चढवताना आठ टनांचा काटा भरत आला आणि मी सिलिंडर काढले. दोन मिळून दीड क्विंटलच्या आसपास भरायचे. तेवढ्यात पिठाची दोन पोती बसली, आणि वर थोडी जागा उरली तिच्यात मी माझ्यातर्फे बाईंसाठी एक खोकं घातलं. मधाची बाटली, घशाच्या गोळ्या आणि बायकोने विणलेला मफलर. तांडेल म्हणाला, काय मामा, सासरी भेट पाठवताय का? मी त्याला दोन शब्द सुनावले आणि खुशीत घरी गेलो.

शुक्रवारी सकाळी आठला सरकारी ट्रक आला. गावातल्या इस्पितळात ऑक्सिजन कमी पडत होता, त्यामुळे कारखाने, गॅरेजं, गोदामं, जिथे सापडेल तिथून सिलिंडर उचलायचे होते. कशासाठीचा आहे ते विचारायचे दिवस नव्हते. माझ्याकडचे दोन गेले. मी सही केली. मनात म्हटलं, बरं झालं बोटीत घातले नाहीत, कुणाच्या तरी जिवाच्या उपयोगी पडतील.

दहा वाजता फोन वाजला. शुक्रवारी बेटाचा फोन कधी येत नाही.

“सिलिंडर उतरले नाहीत,” वेल्डर म्हणाला.

मी त्याला समजावलं. जागा नव्हती, पीठ महत्त्वाचं, तुझं काम पाच आठवडे थांबलं तर काही बिघडत नाही.  

“बाईंसाठी होते ते,” तो म्हणाला.

मग तो बोलला, त्या माणसाच्या मानाने पुष्कळ बोलला. शेवटच्या उतारूंच्या बोटीने आलेल्या एका घरातून आजार पसरला. चौघं पडली, तिघं उठली. बाई उठल्या नाहीत. दवाखान्यातला साठा मंगळवारी संपला. आता वेल्डरच्या दुकानातला एक सिलिंडर लावला होता, तो नर्सच्या हिशेबाने उद्या सकाळपर्यंत पुरणार होता.

“अरे, मग सोमवारी बोलला का नाहीस?” माझा आवाज चढला.

“बाईंनीच नाही म्हणून सांगितलं. आजार आहे कळलं तर बोट बंद. दोनशे माणसं खातील काय? म्हणाल्या, तुझ्या नावावर मागव. दुसरा गॅस मागवू नकोस. गोदामभाऊंना तेवढ्यावरून कळेल.”

गॅस वेल्डिंगला नुसता ऑक्सिजन चालत नाही. जोडीला दुसरा, जळणारा गॅस लागतो, त्याचा सिलिंडर वेगळा. इतकी वर्षं वेल्डरच्या मागणीत दोन ऑक्सिजन आणि एक तो, हे ठरलेलं होतं. या वेळी तो नव्हता. बाईंनी मला यादीतून निरोप पाठवला होता. दाढीच्या पात्यांवरून मरण ओळखणाऱ्या माणसाला तो कळेल याबद्दल त्यांना शंकाच नव्हती. आणि मी गुळण्या करायला सांगितल्या.

 हातपाय गाळून बसायला वेळ कुठे होता? वेल्डरला म्हटलं, उद्या पहाटेपर्यंत सिलिंडर पोचतो. आणि धक्क्यावर धावलो.

धक्क्यावर एक जण आहे, त्याला सगळे बहिरा म्हणतात. त्याला ऐकायला उत्तम येतं. त्याची लाँच वेगाची आहे आणि तो कुणाला काही विचारत नाही, म्हणून हे नाव पडलं. एक जड वस्तू बेटावर टाकून यायची आहे, म्हटलं. त्याने आभाळाकडे पाहिलं, नऊ तास लागतील म्हणाला, आणि डिझेल भरायला गेला. त्याचे उपकार मी कधी फेडू शकणार नाही.

बाकी राहिला सिलिंडर. गावातल्या दोन्ही दुकानांना कुलपं होती, तिथलेही ट्रकने नेले होते. मी सायकल दामटत इस्पितळाच्या मागच्या फाटकाशी गेलो. आत पत्र्याच्या शेडखाली सिलिंडर रांगेने उभे होते. त्यांच्या अलीकडे टेबल टाकून एक माणूस वहीत नोंदी करत होता. डोळे सुजलेले, तोंडाच्या पट्टीवर घामाचा ओला डाग. माझ्यासारखाच कुणीतरी कारकून, पण त्याच्या यादीवर माणसंच होती.

मी सहीची पावती दाखवली. सकाळी माझ्याकडचे दोन आणलेत, त्यातला एक परत हवा, म्हटलं. त्याने वही पाहिली. एक लागलासुद्धा, म्हणाला. दुसरा शेडमध्ये आहे.

“तो द्या.”

“कुणासाठी?”

मी तोंड उघडलं. बेट म्हटलं असतं तर त्याने लिहून घेतलं असतं. लिहिलेलं संध्याकाळपर्यंत बंदराच्या ऑफिसात पोचलं असतं. बाईंनी आठवडाभर आपल्या छातीवर दाबून ठेवलेलं मी एका शब्दात उधळून टाकलं असतं. घरातलं माणूस आजारी आहे म्हणावं, तर माणूस इथे घेऊन या, म्हणाला असता. बरोबरच होतं ते. दुसरी थाप सुचेना. जन्मभर नाकासमोर चाललो, खोटं बोलायची सवय नाही.

“वेल्डिंगसाठी,” मी म्हणालो.

त्याने पेन खाली ठेवलं. तो ओरडला नाही. आत व्हरांड्यात एक म्हातारा भिंतीला टेकून बसला होता, प्रत्येक श्वासाला त्याचे खांदे वर-खाली होत होते. टेबलावरच्या माणसाने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अशा वेळी वेल्डिंग सुचणाऱ्या माणसाकडे ज्या नजरेने बघावं, तसंच बघितलं.

“घरी जा, काका,” तो म्हणाला.

मी तरी उभा राहिलो. हात जोडले. त्याने मान फिरवली आणि दोन वॉर्डबॉयना खूण केली. त्यांनी माझा दुसरा सिलिंडर तिरका केला, तळाच्या कडेवर गोल गोल फिरवत व्हरांड्यात त्या म्हाताऱ्याकडे नेला. 

बहिरा डिझेल भरून तयार होता. मी रिकाम्या हाताने येताना पाहून त्याने काही विचारलं नाही. इंजिन बंद केलं आणि दोर परत बांधला.

संध्याकाळी मी बेटाला फोन लावला, जमलं नाही म्हणून सांगितलं. बाईंशी बोलता येईल का, विचारलं. वेल्डर म्हणाला, त्यांना बोलवत नाही. निरोप असेल तर सांगा.  खोकं मिळालं का, तेवढं विचारलं. मिळालं, म्हणाला. मफलर गळ्याशी ठेवलाय.

बाई शनिवारी सकाळी नऊच्या सुमाराला गेल्या.

बायकोला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ पदराने डोळे पुसत राहिली. मग म्हणाली, इथे दोन माणसं वाचली असतील ना त्या सिलिंडरांवर. वाचली असतील. मी त्या म्हाताऱ्याची चौकशी केली नाही. त्याचं बरं झालेलं ऐकलं असतं तर मला आनंद झाला असता का, या विचाराचीच मला भीती वाटत होती.

पुढच्या खेपेच्या आधीच्या सोमवारी दहाला फोन वाजला. वेल्डरच होता. पोस्टाची किल्ली आता त्याच्याकडे आली होती. त्याने पहिली वस्तू वाचली, पीठ, तीन पोती, शाळेशेजारचं घर. मी लिहून घेतलं आणि विचारलं, “कशासाठी?”

“म्हणजे? खायला.”

“तीन का? दर वेळी दोन असतात.”

 त्याने सांगितलं, दोन घरं आता एकत्र जेवतात, एकाचं रॉकेल वाचतं. मी तेही लिहिलं. दुसऱ्या वस्तूला विचारलं, तिसरीला विचारलं. वैतागेल असं वाटलं होतं, पण त्याने प्रत्येकाचं उत्तर दिलं. माहीत नव्हतं तिथे फोन बाजूला ठेवून रस्त्यावर जाऊन विचारून आला. ज्या यादीला वीस मिनिटं लागायची तिला तीन तास लागले. कितीतरी ठिकाणी माझा तर्क साफ चुकला असता. सुताराकडची साखर लेकीसाठी नव्हती, त्याची बायको सगळ्या शाळेच्या पोरांना दुपारी गोड पाणी देत होती. मला बेट माहीत होतं असं मी इतकी वर्षं समजत होतो.

शेवटी त्याने विचारलं, “अजून काही?”

प्रत्येक खेपेला बंदराच्या ऑफिसचा एक कागद भरून द्यावा लागायचा, त्याशिवाय बोट सुटत नसे. बोटीचा क्रमांक, मालाचं वजन, खलाशांची संख्या, आणि खाली एक ओळ: बेटावरील साथीचे रुग्ण. मागच्या खेपेला मी तिथे न विचारताच शून्य लिहिलं होतं.

“आजारी कुणी आहे का आता?” मी विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “त्यांच्यानंतर कुणी नाही.”

मी पेन घेतलं आणि त्या ओळीत शून्य लिहिलं. या वेळी ते खरं होतं.