शेजारची लेन

पोहणाऱ्यांच्या जगात तिला सगळे गोळी म्हणत. अंगाने बुटकी, मांड्या भरीव, आणि शर्यतीचा इशारा झाला की काठावरच्या ठोकळ्यावरून अशी सुटायची की बाकीच्या मुलींचे पाय अजून ठोकळ्याला चिकटलेलेच असायचे. तिची शर्यत एकच, पन्नास मीटर फ्रीस्टाइल. तलावाच्या या टोकाहून त्या टोकाला, जवळजवळ एका दमात. लांब पल्ल्याच्या मुली तिला चिडवायच्या, "तुझं बरं आहे बाई, आमचं अंग ओलं होईपर्यंत तुझं आटोपतंसुद्धा."

ती हसण्यावारी न्यायची. पण तेवढ्याशा वेळासाठी ती शाळेच्या वयापासून पहाटे उठत होती. वडिलांच्या स्कूटरवर मागे पेंगत तलावावर यायची आणि डोळ्यांभोवती गॉगलचे वळ घेऊन पहिल्या तासाला वर्गात बसायची. "या पोरीच्या उशीलासुद्धा तलावाचा वास येतो," असं आई येईल त्याला सांगायची. तक्रारीच्या सुरात सांगायची, पण सांगायची मात्र न चुकता.

गोळीच्या वाट्याला एक शिडी आली होती. ती दुसऱ्या क्लबची. उंच, शिडशिडीत, हात गुडघ्यापर्यंत पोचतील असे. शिडी हे नाव गोळीनेच मनातल्या मनात ठेवलेलं. दर स्पर्धेच्या अंतिम फेरीत दोघी शेजारशेजारच्या लेनमध्ये यायच्या आणि दर वेळी तेच व्हायचं. अर्ध्या तलावापर्यंत गोळी पुढे, आणि शेवटी शिडीचा तो लांबलचक हात आधी भिंतीला टेकलेला. मग दोघी मधल्या दोरीवर हात टाकून धापा टाकत फलकाकडे बघायच्या, आणि एकमेकींकडे न बघता बाहेर निघायच्या. एवढ्या वर्षांत त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"उंची मी कुठून आणून देऊ?" तिला शिकवणारे सर म्हणायचे. "सुटणं आपल्या हातात आहे, ते कर." मग गोळी पुन्हा सुटण्याचाच सराव करायची.

बोलणं झालं ते एका पोषाखापायी. शर्यतीचा पोषाख म्हणजे अंगावर चढवायची दुसरी कातडीच. तो घालायला शर्यतीपेक्षा कितीतरी पटीने वेळ लागतो. त्या दिवशी गोळीच्या क्लबच्या मुली आधीच बाहेर गेलेल्या, आणि हिचा पोषाख मांडीवर येऊन जो अडकला तो वरही जाईना, खालीही येईना. कपडे बदलायच्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं. फक्त शिडी, कोपऱ्यातल्या बाकावर, टोपी हातात घेऊन बसलेली.

थोडा वेळ ती गोळीची झटापट बघत राहिली. मग उठली, जवळ आली आणि म्हणाली, "नखं लावू नकोस, फाटेल. बोटांच्या पेरांनी ओढ. उडी मार बघू."

गोळीने उडी मारली. शिडीने ओढलं. पुन्हा उडी, पुन्हा ओढ. चौथ्या-पाचव्या उडीला दोघींना असं हसू फुटलं की गोळी भिंतीला टेकून खाली बसली.

"आता बसू नकोस गं, परत पहिल्यापासून करावं लागेल," शिडी डोळे पुसत म्हणाली.

शर्यत त्याही दिवशी शिडीनेच जिंकली. पण त्या दिवसापासून दोघी एकमेकींसाठी थांबायला लागल्या. पोषाख चढवायला एक हक्काची जोडीदारीण दोघींनाही मिळाली होती.

पुढच्या हंगामात शिडी आली नाही. खांदा गेला, असं कोणीतरी सांगितलं. शस्त्रक्रिया झाली, हात आता पूर्ण वर जात नाही. त्या हंगामातल्या पहिल्याच स्पर्धेत गोळी पहिली आली. फलकावर स्वतःचं नाव सगळ्यात वर बघितलं, सवयीने शेजारच्या लेनकडे वळली, तर तिथे कोणीतरी अनोळखी मुलगी गॉगल काढत होती. बसने घरी जाताना वडिलांनी विचारलं, "आनंद नाही का झाला?" ती म्हणाली, "झाला ना." आणि खिडकीबाहेर बघत बसली.

आठवड्याभराने पत्ता शोधत ती शिडीच्या घरी गेली. दार शिडीनेच उघडलं.

"पदक दाखवायला आलीस?"

"नाही."

"मग?"

"मला काय बोलावं ते येताना सुचलं नाही," गोळी म्हणाली. "वाटलं, आल्यावर सुचेल."

शिडी दारातून बाजूला झाली. आत चहा झाला, खांद्यावरचा व्रण दाखवून झाला, आणि बोलता बोलता ती एकदम म्हणाली, "भिंत जवळ आली की तू डोकं वर काढतेस. माहीत आहे का?"

"मी?"

"दर वेळी. भिंत किती लांब आहे ते बघतेस, आणि तेवढ्यात वेग जातो. मी तुला तिथेच गाठायचे. शर्यतीत मी एकच श्वास घ्यायचे, आणि तो तुझ्या बाजूला वळून घ्यायचे, तुझं डोकं वर आलं का बघायला. आलं की समजायचं, आता ही आपली."

गोळीला हसावं की रडावं कळेना.

त्यानंतर शिडी रोज संध्याकाळी तलावावर यायला लागली. सरांनी काही विचारलं नाही, नुसती एक खुर्ची काठाशी आणून ठेवली. गोळीचं डोकं वर आलं की शिडी काठावर पाय आपटायची. हळूहळू तो आवाज कमी होत गेला. त्याच वर्षी गोळीने देशातली सगळ्यात वेगवान वेळ नोंदवली, आणि पुढे परदेशातल्या मोठ्या स्पर्धेतही उतरली. तिथे पहिल्याच फेरीत बाहेर पडली. "तिथल्या पोरी आपल्यापेक्षा निराळ्याच मातीच्या आहेत गं," तिने फोनवर सांगितलं. "डोकं वर आलं का?" शिडीने विचारलं. "नाही." "मग झालं तर."

ती आणखी काही वर्षं पोहली. मग वेग उतरला, लग्न झालं, बँकेतली नोकरी, मुलं. शिडी लहान मुलांना पोहायला शिकवते. आता दोघींचे केस पिकलेत, गोळी बँकेतून निवृत्त झालीय. कधी कामाच्या दिवशी भर दुपारी, तलाव रिकामा असताना, त्या पाण्यात उतरतात आणि डोकी वर ठेवून, गप्पा मारत, निवांत हात मारत जातात. पोषाख आता सैल असतात.

मागच्या आठवड्यात काठावरच्या नव्या जीवरक्षकाने शिट्टी वाजवली. तरुण, नम्र मुलगा होता.

"मावशी, ही लेन जोरात पोहणाऱ्यांची आहे. तुम्ही जरा कडेच्या लेनमध्ये जाता का?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. शिडी काहीतरी सांगायला तोंड उघडत होती, तोवर गोळी म्हणाली, "हो, जातो की." आणि दोरीखालून बुडी मारून ती पलीकडे गेली. शिडीही तिच्या मागोमाग गेली, आणि गोळीच्या सुनेबद्दलचं अर्धवट राहिलेलं बोलणं दोघींनी पुढे चालू केलं.