केशरबाईच्या वावरातली पवळ

वैजिनाथचं वागणं मला अजिबात पटलं नाही. स्वतःच्या दुकानाचं नाव रंगवायला जागा पाहिजे, म्हणून कुणी म्हाताऱ्या बाईच्या तोंडाला सिमेंट फासतं का? यानं फासलं. शिवाय रस्त्यावर उभा राहून म्हणाला, "आता कशी पक्की दिसायली." पक्की म्हणे. हा बाभळीला टांगलेल्या झोळीत रडत होता, तेव्हापासून मी इथं उभी आहे.

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पवळ आहे. पवळ म्हणजे चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड रचून घातलेली बुटकी भिंत. नांदूरघाटच्या अलीकडं, रस्त्याला लागून केशरबाईचं उताराचं वावर आहे. त्याच्या खालच्या अंगाला मी आडवी पसरले आहे.

मोठा दुष्काळ सरला तेव्हा केशरबाई तरणी होती. वावरात नुसता मुरूम उरला होता. पाऊस आलाच तर उरलीसुरली माती घेऊन नाल्यात जायचा. मग तिनं वावरातलेच दगड वेचले आणि जलालुद्दीन गवंड्याला बोलावलं. तो दगडाचं रुंद तोंड बाहेर ठेवायचा, निमुळतं टोक आत घालायचा आणि फटीत बारीक चिपा ठोकायचा. पण फट पुरती बुजवायचा नाही.

"भाऊ, भोकं राहायलीत की," केशरबाई म्हणाली.

"राहू द्या बाई. पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. पाणी कोंडलं तर ते हिलाच ढकलून देतंय."

तेच काम मी केलं. गाळ अडवला, पाणी गाळून सोडलं. मुरमावर हळूहळू काळी माती बसली. त्या मातीत शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, माणसाच्या डोक्याइतका उंच वाढू लागला. घराला वर्षाची भाकरी आणि बैलांना कडबा मिळू लागला. वडवणीकडची माणसं मला बघायला आली. एका साहेबानं माझ्या पाठीवर थाप मारली. मी काही लाजले नाही, कौतुक माझ्या कष्टाचं होतं.

येळवशीला, म्हणजे वावरात जेवायला जायच्या अवसेला, सगळं घर इथं यायचं. केशरबाईचा नेम असा, की आधी माझा ढासळलेला दगड बसवायचा, मग आंबिलीच्या मडक्याला हात लावायचा. पाहुण्यालाही सूट नव्हती. एकदा जावई रुसले. केशरबाई म्हणाली, "रुसा की. पण दगड बसवून रुसा."

मग दिवस पालटले. गावात रंगीत टीव्ही आला, एसटीडीचा पिवळा डबा आला, जिकडंतिकडं बोअर पडले. सिमेंट मागाल तेवढं मिळू लागलं, आणि केशरबाईच्या लेकानं, वैजिनाथनं, नांदूरघाटला त्याचंच दुकान टाकलं. येळवशीला माणसं जीपमधून यायची, जेवायची आणि हात पुसत निघून जायची. माझ्याकडं कुणी बघेना.

पाऊसही पालटला. दोन-दोन महिने फिरकायचा नाही आणि आला की सगळा एकदम ओतायचा. अशा दिवसांत माझ्या फटींची जास्तच गरज होती. नेमक्या त्याच वैजिनाथनं बुजवल्या. केशरबाई तेव्हा तलवाड्याला लेकीकडं गेली होती.

परत आल्यावर ती माझ्यासमोर उभी राहिली. "हे काय करून ठेवलंस?"

"मजबूत केली, माय. लोक पैसे मोजून करून घेतेत."

"तुझं नाव पेरून भाकरी येती का?"

त्याच दुपारी हस्ताचा पाऊस सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशीही थांबला नाही. माझ्या पाठीशी कमरेएवढं पाणी साठलं. त्याला वाट मिळेना. माझं पोट पुढं आलं. केशरबाईनं शाळवासाठी वावर तयार करून ठेवलं होतं. मी पडले असते, तर इतक्या वर्षांची माती तासाभरात नाल्यात गेली असती. मग पेरायचं कशात?

केशरबाई डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन आली. हातात पहार होती. मागून तिची सून नीलम्मा कुदळ घेऊन आली आणि तिच्यामागं वैजिनाथ पळत आला.

"माय, मागं सर. अंगावर पडंल ती."

"पडंलच की. तूच तशी सोय केलीस."

"आगं, कालच रंगवलंय. नाव हाय त्याच्यावर."

नीलम्मा म्हणाली, "नाव दुकानावर बी हाय. माती दुसरीकडं कुठं हाय, ते सांगा."

तो काही बोलणार, तेवढ्यात माझं डावं टोक सुटलं. दगड गडगडले आणि काळं पाणी रस्त्यावर आलं. वैजिनाथनं त्या पाण्याकडं बघितलं. मग आईच्या हातातली पहार ओढून घेतली आणि उजव्या कडेला उभा राहून स्वतःच्याच नावावर घाव घातला. सिमेंटची खपली निघाली. फटीतून पाण्याची धार उडाली, मग दुसरी, मग तिसरी. तिघंही संध्याकाळपर्यंत थांबले नाहीत. डाव्या बाजूची माती गेली ती गेलीच. बाकीची मी धरून ठेवली.

वावराची ओल जायच्या आत मला उभं करायचं होतं. जलालुद्दीन आता हयात नव्हता. पण त्यानं रचलेला माझा उजवा भाग शाबूत होता. तो बघून बघून वैजिनाथनं डावा भाग रचला. दोनदा ढासळला. केशरबाई बांधावर बसून बोल लावत होती, नीलम्मा चिपा पुरवत होती. तिसऱ्यांदा तो भाग उभा राहिला आणि मागं शाळू पेरला गेला.

मित्रांनो, तुमच्या शिवारात, गल्लीत, शाळेमागं असं काही जुनं उभं असेल, तर त्याला रंग लावण्याआधी ते काय काम करतं तेवढं विचारा. ज्याच्यावर आपण जगतो, त्याची डागडुजी आपणच करायची असते.

त्या दिवशी शेवटचा दगड बसवून वैजिनाथ माझ्या सावलीला टेकला, तांब्याभर पाणी प्याला आणि म्हणाला, "झालं एकदाचं."

दगड बोलत नाहीत म्हणतात. मी बोलले.

"झालं न्हाई, वैजिनाथा. पाऊस आता असाच येणार, आन मी एकटी त्याला पुरणार न्हाई. वरच्या उतारावर माझ्यासारख्या दोघी-तिघी घाल. दगड वावरात हायेत, रचायचं तुला आलंय. हेकट तर तू हायसच, ते हितं कामाला लाव. पाणी पिऊन झालं न्हवं? मंग ऊठ."