शेलूबाजारचा भोंगा मुका झाला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना पितळी भोंगा आहे. सन तीसच्या आसपास शेलूबाजारच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, मला बॉयलरच्या डोक्यावर बसवलं. मी पहिल्यांदा ओरडलो तेव्हा आसेगावच्या म्हशींनी थेट दहीच दिलं. खोटं वाटत असेल तर म्हशींना विचारा.

सकाळी वाजलो की काम सुरू, दुपारी वाजलो की भाकरी. लोक मला शिव्या देत आणि माझ्याच आवाजावर तवा ठेवत.

एके वर्षी मालक अडून बसले. पक्की सडक द्या, नाहीतर जिनिंग उचलून रेल्वेच्या गावी नेतो! जिनिंगचा मुलखाला उपयोग किती, हे मोजायला सरकारने एक साहेब धाडला. तो फाटकात खुर्ची टाकून आत शिरणारी डोकी मोजू लागला.

फाटकाबाहेर भजी तळणारी सुगराबी तडकली, "साहेब, मले काहून नाही मोजलं?"

"तू फाटकाबाहेरची."

"माह्या हातचे भजे खाऊनच जातेत ना हे सारे आत?"

साहेब हसला. "एवढ्याशा कारखान्याला सडक मिळणार नाही."

सुगराबीने बॉयलरवाल्या भाच्याला गाठलं. "युनूस, उद्या या भोंग्याच्या नरड्यात रुई कोंब."

"खाला, नवकरी जाईन माही!"

"जिनिंगच गेली त नवकरी कायची?"

दुसऱ्या दिवशी मी मुका. कोंबडे आरवलेच नाहीत. इतकी वर्षं त्यांना मीच उठवत होतो. दुपार झाली, तरी मास्तर शिकवतच राहिले. नवरदेव घोड्यावर वाळत होता, कारण अक्षता माझ्या आवाजावर पडायच्या. रूपला गाडीवानाचे बैल वाटेतच थबकले. "चाल ना रे बाप्पा!" बैल ढिम्म. सकाळचा भोंगाच नाही, तर काम कसलं!

साहेबाने खानसाम्याकडे जेवण मागितलं. "भोंगा झाल्याबिगर मी चूल पेटवत नाही, साहेब."

भुकेला साहेब फाटकावर आला. सुगराबीची कढई थंड.

"भजी?"

"मी त फाटकाबाहेरची."

"अरे, वाजवा तो भोंगा!" साहेब किंचाळला.

युनूसने वाफ सोडली. कापसाचा बोळा सुटला तो साहेबाच्या मिशीवर बसला, आणि मी असा ओरडलो की तिकडे नवरदेवावर अक्षता आपोआप पडल्या.

गरम भजी खाता खाता साहेबाने विचारलं, "मग मोजू तरी कुठपर्यंत?"

"ज्याले ज्याले भूक लागली तिथपर्यंत. सुरुवात तुमच्यापासून करा."

सडक झाली. तिच्यावरून जाल तेव्हा मान वर करून बघा, मित्रांनो. माझ्या नरड्यात आता चिमण्या राहतात. त्यांना राहू द्या. फक्त वर्षातून एकदा मला चिंचेने घासा. नाही घासलंत, तर तुमच्या कोंबड्यांना उठवायची जबाबदारी माझी नाही.