माझी चकाकी आणि आत्याचे डोळे

मित्रांनो, मी एक जुना वायपर आहे. गाडीच्या पुढच्या काचेवरचं पाणी पुसतो ना, तोच. तुम्ही गाडीत बसलात की हॉर्न वाजवून बघता, आरशात तोंड बघता, पण पाऊस आल्याशिवाय माझ्याकडे कुणाची नजर वळत नाही. आणि पाऊस थांबला की गरज सरो नि वैद्य मरो! असो. मी रडगाणं गायला बसलेलो नाही. मला आभार मानायचे आहेत.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोलादाच्या पातळ पट्टीला यंत्राने दाबून बाक दिला, रिवेट ठोकले आणि पोटाशी रबराची पट्टी सरकवली. माझ्याबरोबर माझा जुळा भाऊही जन्मला. आम्हा दोघांना एका गर्द हिरव्या, बुटक्या, दोनच माणसांच्या स्पोर्ट्स कारवर बसवलं. चालवणाऱ्याच्या पुढे मी, शेजारच्याच्या पुढे भाऊ. त्यामुळे मी जरा भाव खात असे.

ती गाडी घेतली गुरांच्या एका डॉक्टरबाईने. घरातली पोरं तिला आत्या म्हणत, म्हणून मीही आत्याच म्हणतो. तिचा धाकटा भाऊ तेव्हा हसला होता. “ताई, चार माणसं बसतील अशी तरी घ्यायचीस!”

“चौघं बसली की चार सल्ले देतात,” आत्या म्हणाली.

आत्या अंगाने लहानखुरी. पाठीशी उशी घेऊन बसली तरी तिचे डोळे जेमतेम स्टिअरिंगच्या वर यायचे. पण गाडी चालवावी तर तिनेच. धो धो पावसात कुठून तरी निरोप यायचा, गाय अडलीय, आणि आम्ही निघायचो. “पूस रे बाबा, पूस,” ती मला म्हणायची. घरी परतल्यावर चिखलाने माखलेल्या हातांआधी ती माझं रबर फडक्याने पुसायची. एवढं कौतुक मोठ्या मोठ्या गाड्यांच्या वायपरांच्याही वाट्याला येत नसेल.

पुढे तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. समोर धुकं दिसलं की तिला वाटायचं, काचच मळलीय. ती मला चालू करायची. मी कोरड्या काचेवर करकरत फिरायचो, पण धुकं काही जायचं नाही. ते काचेवर नव्हतंच, मित्रांनो. एकदा गाडी फाटकाच्या खांबाला घासली. आत्याने खाली उतरून ओरखड्यावरून हात फिरवला, गाडी शेडमध्ये लावली आणि वर ताडपत्री ओढली. वर्षं गेली. माझं रबर वाळून तडकलं, अंगाला गंज चढला.

मग आत्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली. तिच्या भावाचा मात्र जीव धास्तावला. “ताई, एक फेरी नीट मारून दाखव. नाही जमली, तर आपण गाडी विकून टाकू.”

“कबूल,” आत्या म्हणाली. पण त्या रात्री तिला घास गोड लागला नाही, असं म्हणतात.

मेकॅनिकने इंजिन सुरू केलं आणि आमच्याऐवजी नवे वायपर आणले. ते आमच्या बारीक दांडीवर बसेनात. दोनदा निसटून बॉनेटवर आपटले. तेव्हा आत्याच्या भाचीने आम्हाला हातात घेतलं. भाची दागिने घडवते. तिने आम्हाला रॉकेलमध्ये भिजत घातलं, पितळी ब्रशने गंज काढला, लाकडी ठोकळ्यावर ठेवून माझा वाकडा कणा हलक्या हाताने सरळ केला, रिवेटना तेलाचे थेंब दिले, नवं रबर मापाने कापून सरकवलं. इथे थांबली असती तर चाललं असतं. पण हाडाची कारागीर ती! तिने आम्हाला पॉलिशच्या चाकावर धरलं आणि बांगड्यांसारखं लखलखीत केलं. मी तर हरखूनच गेलो. असं रूप मला जन्मतःही नव्हतं.

फेरीच्या दिवशी दुपारचं ऊन कडक होतं. भाची शेजारी बसली. पहिली दोन वळणं आत्याने झोकात घेतली. तिसऱ्या वळणानंतर ऊन समोरून आलं आणि तिने एकदम गाडी कडेला घेतली.

“पुढे नुसती आग दिसतेय गं. डोळ्यांनी शेवटी दगा दिलाच.”

मग भाची चालवायला बसली. ती चांगली उंच. “मला तर सगळं स्वच्छ दिसतंय,” असं तिच्या तोंडून निघून गेलं आणि तिने जीभ चावली. घरी आल्यावर आत्याने किल्ली भावाच्या हातात दिली. आणि मला सगळं कळत होतं, मित्रांनो! ऊन माझ्या अंगावर पडून थेट आत्याच्या डोळ्यांत जात होतं. उंच भाचीच्या ते गळ्याशी राहत होतं. पण वायपराला कुठे तोंड असतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन पुन्हा समोरून येत असताना, आत्याच्या चष्म्याचं घर गाडीत राहिलं म्हणून भाची शोधायला आली. सीटखाली हात घालून तिने डोकं वर काढलं, तेही स्टिअरिंगपर्यंतच. “अगं आई गं!” तिने डोळे मिटले. वर झाली, तर काही नाही. खाली वाकली, पुन्हा तेच. मग तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं. पकडला गेल्याचा एवढा आनंद कधी कुणाला झाला नसेल.

“आत्या! डोळे ठणठणीत आहेत तुझे! मीच शहाणी! वायपरला दागिना करून बसले!”

आत्या आली, सीटवर बसली, डोकं वर-खाली करून बघितलं. मग हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. “म्हणजे या मेल्याने मला आंधळी ठरवलं होय!”

भाचीने बारीक पॉलिश पेपर पाण्यात बुडवून आमच्या अंगावर एकाच दिशेने घासला. चकाकी उतरताना मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण नंतर आरशात आत्याचा चेहरा दिसला आणि वाईट वाटायचं थांबलं. भावाने खिशातली किल्ली काढली. “घे ताई. मीच घाबरलो होतो.”

आत्या निघाली. ऊन होतं तोवर मी गुमान पडून राहिलो. परतताना आभाळ भरून आलं, सर आली, आणि मी उठलो. नवं रबर काचेला असं बिलगलं की एकाच फेरीत रस्ता लख्ख. “शाबास!” आत्या म्हणाली. घरापाशी भाऊ छत्री घेऊन, फाटक उघडून उभा होता. आत्याने त्याला हात केला आणि गाडी न वळवता सरळ पुढे नेली.

मित्रांनो, जुन्या वस्तू टाकू नका, जपा. पण जपताना एकदा त्या वापरणाऱ्याच्या जागेवर बसून बघा. भाची योगायोगाने तिथे वाकली, म्हणून आत्याची गाडी वाचली. तिचे उपकार मी विसरणार नाही. आत्याची दुसरी फेरी अजून चालू आहे आणि पाऊसही. मला काम आहे.