खड्ड्यातली अंगाई

"मेन चालू करू नकोस रे, अजून एक कडवं राहिलंय!" पान्या खालून ओरडला.

मी वर लिफ्टच्या मशीनरूममध्ये मेन स्विच पाडून बसलेलो. पान्या खाली लिफ्टच्या खड्ड्यात, गिटार आणि रेकॉर्डिंगची पेटी घेऊन. म्हणायचा, असा घुमारा कुठल्या स्टुडिओत नाही. सातव्या मजल्यावरच्या आजी जिना चढता चढता आम्हा दोघांचा उद्धार करत होत्या.

वीस वर्षं आम्ही जोडीनं लिफ्ट दुरुस्त केल्या. मागच्या खिशात कायम पाना, म्हणून तो पान्या. त्याची लेक तापात गेली. तिला थोपटताना गायचा ती अंगाई त्यानं गिटारवर बसवली. एका गाण्यांच्या कंपनीवाल्यानं ती उचलली, चाल दामटली, मागं ढोल घातले. महिन्याभरात पान्या स्टेजवर आणि लोक खाली नाचतायत.

"माझी पोर मरत होती रे त्या गाण्यात," मला म्हणाला, "आणि हे कंबर हलवतात."

म्हणून खड्ड्यात बसून ही नवी नऊ गाणी. मुद्दाम इतकी संथ, की कुणाचा पाय हलू नये. शेवटची तीच अंगाई, होती तशी.

कंपनीवाल्यानं ऐकली. "दादा, माणूस झोपेल हो यानं!"

"झोपू दे की. अंगाईच आहे ती."

अल्बम आला तसा गेला. लोक म्हणाले, डोक्यात हवा गेली. पान्या कामावर परतला, पण जाईल तिथं "ते नाचाचं म्हणा ना!" एक दिवस पाना माझ्या पिशवीत टाकला आणि गावी निघून गेला. आता माझाही फोन घेत नाही.

परवा एका मोठ्या दुकानाच्या लिफ्टचं दार अडकत होतं, म्हणून गेलो. आत स्पीकरवर तेच गाणं, ढोलासकट. दार नीट केलं. मग पान्याच्या पान्यानंच वरचा पत्रा खोलला आणि स्पीकरची वायर तोडली.

मॅनेजर धावत आला. "अहो, गाणं का बंद पडलं?"

"लिफ्टला गाणं लागत नाही, साहेब. ब्रेक लागतो. तो ठीक आहे."

दार लावून एकटाच वर निघालो. म्हटलं, आता त्याची खरी अंगाई गुणगुणावी. तोंड उघडलं, तर ती नाचाचीच चाल बाहेर आली. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तीच.

मजला आला, तसा पाना मागच्या खिशात खोचून बाहेर पडलो.