चौथा बोल्ट

मेस्त्रीने पाना चौथ्या बोल्टवर चढवला, गुडघा गाडीच्या उंबऱ्याला टेकवला आणि दोन्ही हातांनी जोर लावला. बोल्ट हलला नाही. त्याने पाना काढला, तेलाचे चार थेंब सोडले आणि कालचंच वाक्य पुन्हा म्हटलं, की घाई केली तर डोकं तुटेल.

मास्तर स्टुलावर बसून मान डोलवत होते. गाडी त्यांची, वीस वर्षांहून जुनी. डाव्या दरवाजाच्या पत्र्याची गंजून जाळी झाली होती, म्हणून भंगारवाल्याकडून तशाच गाडीचा दुसरा दरवाजा आणून भिंतीला टेकवून ठेवला होता. खालच्या बिजागरीचे दोन बोल्ट सोमवारी निघाले, वरचा एक मंगळवारी. हा उरलेला त्यांच्या थोरल्या मेव्हण्यासारखा, मास्तर म्हणाले. एकदा बसला की उठायचं नाव नाही. मेस्त्री मोठ्याने हसला आणि आपल्याच हसण्याला जरासा दचकला.

खरं तर गॅसची बत्ती मागच्या खोलीत होती. बोल्ट लाल होईपर्यंत तापवला असता, तर पंधरा मिनिटांत सुटला असता. बत्ती बाहेर काढायची असं मेस्त्री रोज सकाळी ठरवायचा, आणि वर्तमानपत्र काखेत मारून मास्तर येताना दिसले की राहून जायचं. त्याची बायको लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेली, ती दोन वर्षं नातवंडांतच रमली होती. गिऱ्हाईक यायचं ते किल्ली टाकून निघून जायचं. ‘झाली गाडी’ एवढं फोनवर सांगण्यापुरतं दिवसभरात तोंड उघडायचं. मास्तर मात्र बसायचे. दुपारचा डबाही आता दोघं मिळून खात होते. गाडी तयार झाली की ती विकायची आणि मुलाकडे कायमचं राहायला जायचं, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मुलगा शनिवारी न्यायला येणार होता.

जेवणानंतर मेस्त्रीने पुन्हा पाना लावला. कर्र आवाज झाला आणि बोल्ट पाव फेरा फिरला.

मेस्त्रीचे हात थांबले. मग त्याने पाना उलटा फिरवला आणि बोल्ट होता तिथे आवळून टाकला.

“नाही ऐकत,” तो मान वर न करता म्हणाला.

मास्तरांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. उद्या बघू म्हणाले.

चाळीस वर्षांच्या धंद्यात मेस्त्रीने गिऱ्हाइकाला असं कधी फसवलं नव्हतं. गोष्ट त्याच्या जिवाला लागून राहिली. दुसऱ्या दिवशी मास्तर यायच्या आधीच त्याने बत्ती बाहेर आणून गाडीशेजारी मांडली. ते आले, बत्तीकडे पाहिलं आणि नेहमीसारखे बसले नाहीत.

“मास्तर, काल हा सुटला होता. मीच परत आवळला.”

“पाहिलं मी.”

मास्तर म्हणजे गणित नाहीतर व्याकरण शिकवणारे, असंच मेस्त्रीने धरलं होतं. मास्तरांनी बाह्या दुमडता दुमडता सांगितलं, की त्यांनी तीस वर्षं तंत्रशाळेत पोरांना लोखंडकाम शिकवलं. सुटलेल्या बोल्टचा आवाज त्यांना पलीकडच्या खोलीतूनही कळायचा.

“मग बोलला का नाहीत?”

मास्तरांनी पाना उचलून मेस्त्रीच्या हातात ठेवला. बत्ती कशाला, म्हणाले, तो आता नुसत्या हातानेही येईल.

आला. मास्तरांनी जुना दरवाजा तोलून धरला, मेस्त्रीने उतरवला. मग नवा दोघांनी मिळून चढवला. फट कुठे जास्त, कुठे कमी, हे मास्तर बोट फिरवून सांगत होते आणि मेस्त्री बिजागरी केसभर सरकवत होता. नवे बोल्ट त्याने आवळले. दरवाजाचा रंग वेगळा होता, पण बसला झकास.

तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. मुलाचा होता.

“शनिवारी? नाही रे, शनिवारी नको येऊस,” मास्तर म्हणाले. “अजून एक बोल्ट अडून बसलाय. घाई केली तर डोकं तुटेल, असं मेस्त्री म्हणतात.”

मेस्त्री त्याच क्षणी दरवाजा लावून बघणार होता. त्याने तो मध्येच दोन्ही हातांनी धरला आणि आवाज होऊ नये म्हणून, बोलणं संपेपर्यंत, तसाच अर्धवट धरून उभा राहिला.